सुभेदारांच्या गाडीचा बूट

गाडीच्या पुढच्या चाकामागं रबराचा एक बूट असतो. तो फाटला की गाडीचं लगेच काही बिघडत नाही, मालकाचं डोकं मात्र हमखास बिघडतं. पलूसच्या नाक्यावर माझं गॅरेज होतं. इंजिन बसलेला माणूस माझ्याकडं तोंड पाडून यायचा, मी म्हणेन त्याला मान डोलवायचा. बूट फाटलेला माणूस मात्र छाती पुढं काढून यायचा आणि विचारायचा, "मिस्त्री, हे घरी करता येतंय न्हवं?"

येतं की. घरी लाडू करता येतात, केस कापता येतात, मनावर घेतलं तर दाढसुद्धा काढता येते. मी कुणाला नाही म्हटलं नाही. कारण घरी केलेलं काम शेवटी माझ्याकडंच येणार हे मला ठाऊक असायचं, फक्त ते टोपलीत घालून यायचं.

ज्यांनी गाडीच्या पोटात कधी डोकावलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा एक लोखंडी दांडा असतो, त्याला आम्ही एक्सल म्हणतो. पुढची चाकं नुसती फिरत नाहीत, वळतातसुद्धा. म्हणून दांड्याच्या टोकाला, चाकाजवळ, एक सांधा असतो. आपला खांदा जसा सगळीकडून फिरतो तसा हा फिरतो. त्याच्या आत पोलादी गोळ्या आणि काळं ग्रीस. ते ग्रीस बाहेर उडू नये आणि रस्त्याची माती आत जाऊ नये म्हणून वरून घड्याघड्यांची रबरी पिशवी चढवलेली असते, पेटीच्या भात्यासारखी. तोच आपला बूट. तो फाटला की आधी चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात. तेव्हा जागे झालात तर नुसतं रबर बदलून भागतं. नाही झालात तर माती आत जाते, वळणावर कट कट आवाज येतो आणि सांधाच जातो. आजकालची पोरं शिंतोडे बघूनच सांगतात, "काका, अख्खा एक्सल बदला." बूट सोडवून, धुऊन, पुसून बसवायचा कंटाळा. त्यांचं बरोबर असेल. पण मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. माझा अर्धा जन्म त्या ग्रीसमध्ये गेला.

घरी बूट बदलणाऱ्यांचे मी नाना नमुने बघितले. एका द्राक्षबागायतदारानं फाटलेल्या बुटाला कलम बांधायची पट्टी गुंडाळली होती, वरून सुतळी. मी विचारलं, "पाटील, याला डोळा कधी फुटणार?" तर म्हणाले, "मिस्त्री, चेष्टा नको, माझी बांधलेली एक बी काडी वाळली न्हाई आजवर." बूट मात्र वाळला. दुसरे एक गुरुजी. त्यांनी एक्सल उतरवला, सांधा रॉकेलनं धुतला, नवं ग्रीस भरलं, सांधा दांड्यावर ठोकून घट्ट बसवला, हात धुऊन चहा घेतला, आणि मग त्यांना खुर्चीवर पडलेला नवाकोरा बूट दिसला. हा बूट सांध्याच्या आधी दांड्यात ओवायचा असतो. नेफा शिवून झाल्यावर नाडा आठवावा तसं ते. गुरुजींनी मग बूट मधोमध कापून, वरून घालून, चिकटवून बघितला. पुढचं सांगत नाही, शिक्षक माणूस आहे.

पण या सगळ्यांत माझ्या मनात घर करून बसलेत ते आमचे सुभेदार.

सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन गावी आले आणि पलूसपासून जवळच मळ्यात घर बांधून राहिले. फौजेत ते मोटारींच्या विभागात होते. त्यामुळं ज्याला चाकं आहेत त्या प्रत्येक गोष्टीवर, अगदी बाळाच्या पांगुळगाड्यावरही, त्यांचं मत असायचं आणि ते एकदा झालं की बदलायचं नाही. पांढरी छोटी गाडी घेतली होती. तिला ते दर रविवारी आंघोळ घालायचे, ती पण बागेला औषध मारायच्या पंपानं. गन हातात घेऊन चाकांच्या आत, पत्र्याच्या खाली, सगळीकडं पाण्याचा मारा. मग गाडी वाळली की खालच्या अंगाला डिझेलची फवारणी. गंज धरू नये म्हणून. "फौजेत गाडीच्या खाली बसून जेवावं इतकी ती साफ पाहिजे," असं ते म्हणायचे. गाडीखाली बसून कोण जेवतं, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या मंडळी शालनवैनी. उंचीनं बेताच्या, बोलायला कमी, कामाला वाघीण. मुलं पुण्याला. वैनींनी साठीला टेकल्यावर एक दिवस पलूसच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सुभेदारांना सांगितलं ते नाव घातल्यावर. सुभेदार आधी हसले, मग चिडले, मग गावभर सांगत सुटले की आता रस्त्याच्या कडेची झाडं हलवून घ्या. वैनी पहिल्या फटक्यात पास झाल्या. तेव्हा सुभेदार म्हणाले, "लायसन मिळालं ते ठीक हाय, पण जायचंय कुठं?"

वैनींना कुठं जायचं होतं ते मला ठाऊक होतं. त्यांचं माहेर औंधचं. आई अजून होती, भावाकडं. म्हातारीचा डावा डोळा कधीचा गेला होता आणि उजवाही हळूहळू विझत चालला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. लेक गाडी शिकली हे कळल्यावर म्हातारीनं फोनवर सांगितलं, "शालन, अजून जरा दिसतंय गं मला. दिसतंय तवर तुला गाडी चालवताना बघू दे. नवमीला तू ये आणि तूच मला डोंगरावर यमाईला ने." हे वैनींनी मला गॅरेजवर हवा भरायला आल्या तेव्हा सांगितलं होतं. सांगताना हसत होत्या, पण डोळे पुसत होत्या.

नवरात्र बसलं आणि दोनचार दिवसांतच सुभेदारांना चाकाच्या आत काळे शिंतोडे दिसले.

झालं. त्यांनी चावी काढून घेतली. म्हणाले, "मी सांगत न्हवतो? फुल स्टेअरिंग मारती. डेअरीपुढं बैलगाडी वळवल्यागत वळवती. फाटला बूट." वैनींनी विचारलं, "आवं, वळवायला स्टेअरिंग न्हाई मारायचं तर काय मारायचं?" पण चावी गेली ती गेली. आणि सुभेदारांनी जाहीर केलं की बूट आपण स्वतः बदलणार, आणि बदलून झाल्यावर औंधला गाडी आपण स्वतः नेणार.

म्हणजे म्हातारीनं जे बघायचं म्हणून डोळा उघडा ठेवला होता, तेवढंच नेमकं वगळून बाकी सगळं होणार होतं.

अष्टमीला सकाळी मला सुभेदारांचा फोन आला. "मिस्त्री, तुमचा मोठा पाना आन् लोखंडी पाईप पाठवून द्या. तुमी येऊ नका, उगं तरास नको. नुसता पाना पाठवा."

माझा पाना एकटा कुठं जात नाही. मी गेलो.

अंगणात चिंचेखाली गाडी उभी. पुढचं उजवं चाक काढलेलं, खाली ओंडका. सुभेदार बनियन आणि खाकी हाफ पॅण्टमध्ये. शेजारी घमेल्याला टेकून मोबाईल, त्यात एक हिंदी बोलणारा इसम. त्या इसमाचं गॅरेज इतकं स्वच्छ होतं की तिथं सत्यनारायण घालावा. त्याच्या हातातला एक्सल नवाकोरा, बोल्टांना गंजाचा ठिपका नाही. तो बोटानं एक्सलच्या टोकाचा नट फिरवायचा आणि म्हणायचा, "ये आराम से निकल जाएगा." सुभेदारांचा आराम से निघत नव्हता. ते पान्यावर लोंबकळत होते आणि चाक जिथं बसतं ते बूड त्यांच्याबरोबर गरगर फिरत होतं.

मी म्हणालो, "सुभेदार, हा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करायचा असतो. चाक उचललं की सगळं आपल्याबरोबर फिरतं. आणि नटाची कड आत चेपलेली असते, ती आधी छिन्नीनं उचलायची."

"व्हिडिओत असं न्हाई सांगितलं."

"त्या भल्या माणसानं शूटिंगच्या आधी करून ठेवलं असेल."

"मिस्त्री, आमी लेहला बर्फात ट्रकाची अख्खी इंजिनं उतरवल्यात. ह्यो रबराचा बूट काय चीज हाय?"

मी खुर्ची ओढून बसलो. वैनींनी चहा दिला. आमच्या धंद्यात एक नियम आहे, चालू पंख्यात आणि नवराबायकोच्या मध्ये हात घालायचा नाही. मी चहा पीत राहिलो आणि सुभेदार पान्याला लोंबकळत राहिले. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात लागली, कुठल्यातरी खताची, तीही त्यांनी पूर्ण बघितली.

दुपार कलली तेव्हा त्यांनी चाक परत बसवलं, गाडी जमिनीवर टेकवली, छिन्नीनं नटाची कड उचलली आणि जणू हे आत्ताच आपल्याला सुचलं अशा थाटात पाईप लावला. आता ब्रेकवर कुणीतरी पाय दाबून बसायला हवं होतं. मी तर पाईपला. उरलं कोण?

सुभेदारांनी खाकरून हाक मारली, "ए, इकडं ये. जरा शिटवर बस आन् ब्रेक दाब."

वैनी पदर खोचून ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, समोर काचेतून चिंचेकडं बघत. नट कर्रकन सुटला. सुभेदारांनी "शाब्बास" म्हटलं, ते नटाला की पाईपला की बायकोला हे काही कळलं नाही. वैनी मात्र काम झाल्यावरही थोडा वेळ तशाच बसून होत्या.

नट सुटला पण बाकीचं राहिलं. चाक पुन्हा उतरवलं, तर खालचा बोल्ट गंजून एक झाला होता. अंधार पडला. सुभेदार म्हणाले, "उद्या पहाटे उठून दोन तासांत उडवतो." मी पाना तिथंच ठेवून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी नवमी. खंडेनवमी. आमच्या भागात या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून, पाटावर मांडून, हळदकुंकू, फूल, नारळ वाहून पूजा करतात. शेतकऱ्याचे विळेकोयते, सुताराचे रंधे, न्हाव्याचे वस्तरे. आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. हा नियम मी आयुष्यभर पाळला. खंडेनवमीला माझ्या दारात कुणाची गाडी बंद पडली तर मी ती ढकलत शेजाऱ्याच्या दारात नेली आहे, पण पाना उचलला नाही.

सुभेदारांकडं तर ही पूजा फौजी थाटात. मी सकाळी पोचलो, म्हटलं पान्याची पूजा व्हायच्या आत दोघं मिळून उरकू. बघतो तर सोप्यात पाटावर लाल कापड. त्यावर ओळीनं विळे, कोयते, बागेची कात्री, आणि ओळीच्या मधोमध सगळे पाने, हातोडा, पक्कड आणि माझा मोठा पाना, कपाळाला कुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून बसलेला. पहाटे चारला उठून सुभेदारांनी शिस्तीत पूजा उरकली होती. आरतीनंतर कापूर विझता विझता त्यांच्या लक्षात आलं होतं की गाडी तर ओंडक्यावर आहे.

मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "मिस्त्री, गडबड झाली. सवय ओ. खंडेनवमीला उठलं की हात आपोआप पूजंला."

"माझी पण हत्यारं काल रात्रीच मांडलीत," मी म्हटलं.

"मग आता?"

"आता काय. दसरा."

आम्ही दोघं त्या पाटापुढं हात बांधून उभे. एक माणूस ज्यानं बर्फात इंजिनं उतरवली, एक माणूस ज्याचा जन्म ग्रीसमध्ये गेला, आणि समोर फुटभर लांबीचा पाना झेंडू घालून बसलेला. दोघांचीही छाती होईना. मला विचाराल तर पाप लागेल ही भीती नव्हती. लोक काय म्हणतील याची होती, आणि दुसरा काय म्हणेल याची जास्त.

तेवढ्यात आतून वैनींच्या फोनची घंटा वाजली. आवाज बाहेर ऐकू येत होता, कारण म्हातारीला ऐकूही कमी येत असल्यानं ती ओरडूनच बोलायची. "निघालीस का गं? मी लुगडं नेसून बसलीया. दारात बसलीया. उन्हात जरा बरं दिसतंय."

वैनी "आलेच," एवढंच म्हणाल्या आणि बाहेर आल्या. आम्ही दोघांनी त्यांना वाट दिली. त्या पाटापुढं बसल्या, पदर डोक्यावर घेतला, नमस्कार केला. मला वाटलं देवीला सांगायला आल्या. मग त्यांनी नारळ बाजूला ठेवला, माझ्या पान्याच्या गळ्यातली माळ काढून कोयत्याला घातली आणि पाना उचलला.

सुभेदार ओरडले, "अगं, हात लावायचा न्हाई! पूजा झालीया!"

वैनी उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "आवं, यमाईनं औंधासुराला मारला तवा हातातली हत्यारं पाटावर मांडून बसली न्हवती. हत्यार चालवलं म्हणून ती देवी. हे धरा. न्हाईतर मिस्त्रींना इचारून मी खोलते."

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी चिंचेकडं बघितलं. मग सुभेदारांनी पाना घेतला. त्याच्या मुठीवरचं कुंकू त्यांच्या तळहाताला लागलं.

तो खालचा गंजलेला बोल्ट मी सोडवला, कारण माझाही पाट आता मोडलाच होता. सुभेदारांनी हातोड्यानं ठोकून सांधा दांड्यावरून उतरवला. सांधा ठणठणीत होता, शिंतोडे वेळेत दिसले म्हणून वाचला. जुना बूट निघाला. मी तो हातात घेतला मात्र आणि मला कळलं. वळवून वळवून फाटलेला बूट घडीच्या कडेला चिरतो, कोरडा आणि कडक असतो. हा तसा नव्हता. हा पाण्यात पडलेल्या पापडासारखा फुगून लिबलिबीत झाला होता, बोटाला चिकटत होता, आणि त्याला वास येत होता डिझेलचा. रविवारच्या फवारणीनं रबर खाल्लं होतं. पंख्याचा नियम आठवून मी बूट निमूटपणे घमेल्यात टाकला.

वैनींनी तो उचलला. दाबून बघितला. वास घेतला.

"आवं," त्या म्हणाल्या, "मागल्या साली पंपाच्या नळीवर माज्या हातनं डिझेल सांडलं, तवा नळी अशीच फुगली हुती न्हवं? तुमी मला दोन दिस बोलत हुता. 'रबराला डिझेल चालत न्हाई, एवढं बी कळत न्हाई बायकांना.' आसंच म्हणाला हुता ना?"

सुभेदार गाडीखाली वाकून काहीतरी बघायला लागले. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, एक स्वच्छ, गंजाचा ठिपका नसलेला, डिझेलनं चकचकणारा पत्रा होता.

आता राहिलं बसवणं. मी सांधा धुऊन पुसला, काळं ग्रीस बोटानं गोळ्यांच्या मधे दाबून भरलं. सुभेदार आता भराभर हात चालवत होते. माणूस खजील झाला की लय काम करतो. त्यांनी सांधा दांड्याला लावला, लाकडाचा ठोकळा धरला, हातोड्याचा एक घाव, दुसरा घाव, सांधा धरून ठेवणारी आतली तार टक्कन खाचेत बसली. छान आवाज. मीसुद्धा म्हटलं, "वा सुभेदार."

मागून वैनींचा आवाज आला. "आन् ह्यो कवा घालायचा?"

त्यांच्या हातात नवा बूट होता.

सुभेदारांनी हातोडा खाली ठेवला. मी डोळे मिटले. ज्या गुरुजींना मी पलूसच्या नाक्यावर उभं राहून सालभर हसलो, ते मला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसले आणि ते हसत होते. चूक सुभेदारांची खरी, पण शेजारी मिस्त्री म्हणून मी बसलो होतो आणि "वा" मी म्हणालो होतो. वैनी नुसत्या बूट पुढं धरून उभ्या राहिल्या. ते जास्त लागलं.

पुन्हा ठोकून सांधा उतरवला. बूट ओवला, आतली हवा दाबून काढली, दोन्ही पट्ट्या आवळल्या. चाक चढलं. नट आवळताना ब्रेकवर कोण बसणार हे या वेळी कुणी विचारलं नाही, वैनी आधीच बसल्या होत्या. नट आवळून कड चेपली तेव्हा त्याच्यावर कुंकवाचा लाल ठसा उमटलेला होता. मी पुसला नाही.

मग सुभेदार उभे राहिले, रॉकेलनं हात धुतले, हात पुसायचं फडकं चौकोनी घडी करून ठेवलं, खिशात हात घातला आणि चावी काढून बायकोच्या पुढं धरली. फौजेत माफी मागायचं शिकवत नसावेत, पण ती चावी देताना त्यांचा चेहरा मी बघितला आणि मला त्यांची कीव आली. खरंच आली.

मलाही बरोबर घेतलं. मी सांगितलं की नवीन बसवलेला नट वाटेत एकदा बघावा लागतो. ते खरं आहे, पण नट बघायला मी गेलो नव्हतो.

कडेगाव, पुसेसावळी करत आम्ही औंधला निघालो. वैनी चालवत होत्या, शेजारी सुभेदार, मागं मी. सुभेदारांचा हात हॅण्डब्रेकवर आणि पाय सगळी वाट नसलेल्या ब्रेकवर. "गिअर. गिअर बदल. टरक्टर हाय फुडं. टरक्टर हाय." उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन निघालेला ट्रॅक्टर अख्ख्या रस्त्यात एवढाच होता आणि तो आंधळ्यालाही दिसला असता. वैनी शांतपणे मागं राहिल्या, वाट मोकळी दिसल्यावर पुढं गेल्या. पुसेसावळीच्या पुढं मी गाडी थांबवायला लावून नट बघितला. हलला नव्हता.

औंधला दारातच म्हातारी बसलेली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात देवीची ओटी. गाडीच्या आवाजाच्या दिशेनं तिनं मान वर केली आणि उजवा डोळा बारीक केला. वैनी उतरल्या, आईला धरून उठवलं, गाडीपाशी आणलं आणि पुढचं दार उघडलं. आत सुभेदार बसलेले.

"आवं, जरा उठा. आई फुडं बसंल."

सुभेदार उतरले आणि मागं माझ्या शेजारी येऊन बसले. इथं त्यांना हॅण्डब्रेक नव्हता. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, परेडच्या फोटोत बसतात तसे.

डोंगराचा रस्ता वळणावळणाचा. पहिलंच वळण आलं, वैनींनी स्टेअरिंग पुरं फिरवलं. मी कान लावून होतो. कट नाही, कर्र नाही. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वळली. सुभेदारांनी पाय आवळले, तोंड उघडलं, आणि मिटलं.

म्हातारी पुढं वाकून लेकीच्या हातांकडं बघत होती. चेहरा इतका जवळ नेला होता की नाक स्टेअरिंगला लागेल. हात वर जातो, खाली येतो, गिअरवर जातो, परत येतो. नखांत काळं ग्रीस होतं, बांगड्यांवर कुंकू होतं. तिनं बोटानं लेकीचं मनगट चाचपलं. मग ती मागं टेकली आणि ओरडून विचारलं, "शालन, जावाय कुठं हायत गं? पायी आलं काय?"

"न्हाई गं आई. मागं बसल्यात."

म्हातारीनं सगळं अंग वळवलं. तो एक डोळा बारीक करून आधी माझ्याकडं बघितलं, तो मी नव्हे म्हणून सोडून दिलं, आणि मग सुभेदारांच्या तोंडावर आणून थांबवला. वळण संपेपर्यंत ती बघत राहिली. ताठ बसलेले सुभेदार, गुडघ्यांवर हात, गप्प.

"हां," म्हातारी म्हणाली, "ह्ये बी बघायचंच राहिलं हुतं."